सोमा पाष्टेची हजेरी

“सोमा पाष्टे.”

अब्बासशेठनी नाव घेतलं आणि आम्ही आठही जण गप झालो.

सकाळचे सात. बर्फाच्या कारखान्याचं जाड फळ्यांचं दार अजून बंद. पाठीमागं खाडी, पुढं दार, आणि दाराच्या पायरीवर हजेरीबुक घेऊन शेठ. आठ नावं घेऊन झालेली, आठ जणांचं ‘हजर’ म्हणून झालेलं. हे नववं. हे नाव घेतलं की शेठ बुकातनं मान वर काढायचे आणि आमच्या तोंडांकडं बघायचे. एकेकाच्या. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई म्हणून नाय. तेवढा वेळ कुणी खोकायचं नाय, विडी पेटवायची नाय, पाय हलवायचा नाय. जेट्टीवर कावळे ओरडायचे तेवढेच.

मग शेठ म्हणायचे, “नाय आला. चला.”

बुक मिटायचं, दार उघडायचं, आतला गारवा पायांवर यायचा आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

सोमा पाष्टे मरून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

मी कामाला लागलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, माणसाला उशीर झाला असंल. दुसऱ्या दिवशीपण तेच. तिसऱ्या दिवशी मी इब्राला विचारलं. इब्राहिम सोलकर माझ्याबरोबर टाकीवर होता. तोंडानं फटकळ, पण कामाला वाघ.

“इब्रा, हा पाष्टे रोज दांडी मारतो, तर शेठ त्याला काढून का टाकत नाय?”

“काढणार कसा? तो बाहेर असंल तर काढणार ना. तो आत हाय.”

“आत कुठं?”

“मागच्या बोळात. अमोनिया फुटला तेव्हा तिथंच गेला तो. तू बर्फाच्या फुटक्या लाद्या टाकायला जातोस ना, बरोबर तिथं.” माझं तोंड बघून तो हसायला लागला. “भितोस काय मेल्या? कुणाच्या वाट्याला जात नाय तो.”

मग मी शिवलकरमामांना गाठलं. मामा कॉम्प्रेसर चालवायचे. साठी उलटलेली, कानानं कमी, पण यंत्राचा आवाज जरा बदलला की जेवणावरनं उठायचे.

“मामा, मेलेल्या माणसाचं नाव कशाला घेतात?”

“धाकू, नाव घेतायत तवर गप उभं राहायचं. जमतंय ना तेवढं?”

“जमतंय, पण कशाला?”

“जमतंय ना? मग झालं.”

कुणी नीट सांगायचंच नाय. एक म्हणायचा, शेठला पाष्टे स्वप्नात येतो. दुसरा म्हणायचा, नाव घेतलं नाय तर यंत्र चालू होत नाय. आणि गंमत अशी, की एवढं असून कारखाना सोडून कुणी जात नव्हतं. इब्राच्या दोन भावांनी त्याला तीनदा कुवेतला बोलावलं, तिन्ही वेळा हा गेला नाय. मामांचा मुलगा चिपळूणला मास्तर. तो न्यायला यायचा आणि एकटाच परत जायचा. मला वाटायचं, ह्यांना काय बांधून ठेवलंय इथं? जागा तरी कसली! सगळा हॉल भरून मिठाच्या पाण्याची टाकी. वर लाकडी झाकणं, त्यांच्यावरनंच चालायचं. झाकणाखाली पाण्यात उभे पत्र्याचे डबे, डब्यांत बर्फ. साखळीच्या क्रेननं डबा उचलायचा, साध्या पाण्यात बुडवायचा, लादी सुटली की लोटून द्यायची. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत तोंडातनं वाफ. टाकीच्या मागं भिंतीला लागून तो बोळ, एका माणसाच्या रुंदीचा. तिथं फुटक्या लाद्यांचा भुगा साठायचा. बोळाच्या टोकाला खाडीकडं उघडणारी एक झडप होती. भुगा तिच्यातनं बाहेर ढकलायचा.

मी त्या बोळात जाताना तोंडानं काहीतरी बडबडत जायचो. मनातलं सांगतो, तीन वर्षं हीच खोड होती माझी.

आमच्या घरी माझ्या बायकोला, शेवंतीला, ही जागा आवडत नव्हती. सातवा महिना चालू होता तिला.

“तुम्ही तिथनं येता ना, तुमचे हात मेल्यागत गार लागतात,” ती म्हणायची. “मेलेल्याची हजेरी घेतात तिथं. उद्या तुमचं नाव घेतील आणि तुम्ही नसाल.”

“काहीतरी बोलू नको गो.”

“मग कंपनीत जा.”

कंपनी म्हणजे रासायनिक कारखाना. घाटाच्या पायथ्याला नवीन निघाला होता. सातशे माणूस. निळा शर्ट, बूट, दवाखाना, सगळं. माझ्या मेव्हण्यानं चिकटवलं होतं. सोमवारी हजर व्हायचं पत्र आलं होतं. मी ते इब्राला दाखवलं, दुसऱ्या कुणाला नाय. शेठला शनिवारी संध्याकाळी सांगणार होतो. पंधरा दिवस तेच म्हणत होतो, उद्या सांगतो, उद्या सांगतो. तोंडच उघडत नव्हतं. कशाची लाज वाटत होती कोण जाणे. चोरी तर करत नव्हतो.

आणि तो शनिवार आला. माझा शेवटचा.

पावसाच्या आधीच्या शेवटच्या फेऱ्या होत्या. जेट्टीला लाँचींची रांग, जो तो बर्फासाठी अडलेला. शेठनी भराभर नावं घेतली. शिवलकर. हजर. सोलकर. हजर. गोताड. हजर, म्हटलं मी. बाकीचे पाच झाले.

“सोमा पाष्टे.”

आदल्या दिवसापासनं माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. जातोय तर जाताना एकदा ह्या नावाला ओ द्यायची. बघू तरी काय होतं. मी तोंड उघडलं.

“हजर.”

जेट्टीवरचे कावळेसुद्धा गप झाल्यागत वाटले. सगळी डोकी माझ्याकडं वळली. माझं तोंड अजून उघडंच होतं. मी मिटलं.

“मेल्या!” इब्रा दातात बोलला. “काय केलंस हे?”

शेठ माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या तोंडावरनं नजर हलवून त्यांनी बंद दाराकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मग खिशातनं पेन काढलं आणि बुकात बरोबरची खूण केली. अकरा वर्षांच्या रिकाम्या रांगेत पहिली खूण.

“बरं,” शेठ म्हणाले. “नऊ. चला.”

त्या दिवशी आत कुणी कुणाशी धड बोललं नाय. इब्रा एरवी क्रेन ओढताना गाणी म्हणायचा, तोही गप. मी झाकणांवरनं चालत होतो तर पाठीमागं झाकण वाजल्यागत व्हायचं. वळून बघावं तर कुणी नाय. लाकूड गारठलं की वाजतं, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी माहीत असून उपयोग नव्हता.

दहाला चहा आला. चहावाला रोज आठ ग्लास आणायचा. त्या दिवशी तारेच्या जाळीत नऊ ग्लास.

“हा जास्तीचा कुणाचा?” मी विचारलं.

“शेठनी सांगितलं नऊ आण,” चहावाला म्हणाला. “मला काय विचारता?”

शेठ स्वतः आत आले. नववा ग्लास त्यांनी उचलला, टाकीला वळसा घालून गेले आणि बोळाच्या तोंडाशी भिंतीच्या कडेला ठेवून परत आले. मामा खाली मान घालून चहा प्यायले. इब्रानं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, आता दोन ठेवून देतोय.

“तुझ्यामुळं,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याचं डोकं फिरलं तुझ्यामुळं. जातोयस ना सोमवारी? मग आजच तोंड काळं करायचं होतंस.”

पाऊण तासानं मी फुटकी लादी घेऊन बोळाकडं गेलो. ग्लास तिथंच होता. रिकामा.

मी आत पाय घातला नाय. लादी तिथंच टाकली आणि मागं फिरलो. इब्राला म्हटलं, “ग्लास रिकामा आहे.”

“सांडला असंल.”

“खाली ओल नाय.”

“मांजर प्यालं असंल,” तो म्हणाला. कारखान्यात मांजर नव्हतं, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

साडेअकराच्या सुमाराला मामांची आरोळी आली. “भाय्येर! सगळे भाय्येर!”

अमोनियाच्या पाइपाच्या जोडाचं पॅकिंग गेलं होतं. आधी ‘स्सस’ असा आवाज, मग वास. अमोनियाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. नाकात कुणी खिळा मारल्यागत होतं, डोळे आपोआप मिटतात, छाती आत ओढली जाते. आम्ही पळालो. मामा यंत्र बंद करून, ग्यासच्या व्हॉल्वचं चाक आवळून सगळ्यांत शेवटी बाहेर आले, तोंडावर ओला रुमाल. दारातनं पांढरा धूर लोळत पायरीवर आला.

वाऱ्याच्या उलट अंगाला, जेट्टीच्या टोकाला आम्ही जमलो. लाँचीवरचे खलाशी, मासेवाल्या, हमाल, सगळे बघायला धावले. नुसता गलका. त्या गर्दीत शेठ आले, काखेत हजेरीबुक.

“गप!” शेठ ओरडले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “माझी माणसं ह्या बाजूला. बाकीचे मागं.”

आणि नावं घ्यायला लागले. त्या गडबडीत, नाकाडोळ्यांतनं पाणी गळत असताना, एक एक नाव. शिवलकर. हजर. सोलकर. हजर. गोताड. हजर. आठ झाले.

“सोमा पाष्टे.”

कुणी ओ दिली नाय.

“सोमा पाष्टे!”

मामा पुढं झाले. “शेठ, असं काय करता? पोरानं मस्करी केली सकाळी.”

“मी बोललो शेठ!” मी ओरडलो. “सकाळी ‘हजर’ मी म्हटलं. चुकलो. पाया पडतो तुमच्या. मी होतो तो!”

शेठनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. गळ्यातला टॉवेल काढला, वाकून खाडीच्या पाण्यात बुडवला, तोंडाला गुंडाळला.

“सकाळी हजर होता,” ते म्हणाले. “आता बाहेर नाय. म्हंजे आत हाय.”

आणि चालायला लागले. पळत नव्हे, चालत. बासष्ट वर्षांचा माणूस, दम्याचा. मामांनी हात धरला, तो झटकला. पांढऱ्या धुरात आधी पाय गेले, मग कमर, मग टोपी.

सगळे माझ्याकडं बघत होते. इब्रा म्हणाला, “धाक्या, म्हातारा मरणार. तुझ्यापायी मरणार.”

मी त्या वेळी सोमवारचा विचार केला नाय, शेवंतीचा नाय, पोटातल्या पोराचा नाय. मनात एवढंच, की त्याला ओढून बाहेर आणायचा. मी अंगातला सदरा भिजवला, तोंडाला बांधला आणि आत गेलो.

आत काय दिसत नव्हतं. डोळे उघडले की आग, म्हणून मिटूनच चाललो. पायाखाली झाकणं, डाव्या हाताला क्रेनची साखळी. यंत्र बंद होतं. दिवसाढवळ्या मी तो हॉल कधी इतका गप ऐकला नव्हता. आणि त्या गपगारीत लांबनं शेठचा आवाज येत होता. ओरडणं नव्हे. झोपलेल्या माणसाला उठवताना बोलतात तसा, हळू.

“सोमा... अरे सोमा... ऊठ बाबा.”

परत फिरावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आवाज खोकण्यात बुडाला आणि मी त्या खोकण्याच्या मागं गेलो. टाकी संपली, भिंत लागली. बोळ. गुडघ्याला शेठची पाठ लागली. ते खाली बसले होते.

मी त्यांची बखोटी धरली. “चला शेठ. कुणी नाय इथं. चला!”

त्यांनी माझा हात पकडला, ओढला आणि त्यात काहीतरी दिलं.

“धर,” ते म्हणाले.

हात होता. माणसाचा. ओला, गार, बर्फात ठेवल्यासारखा. अकरा वर्षं बर्फात ठेवल्यासारखा. मी तो सोडणार होतो. बोटं उघडायला लागली होती माझी. तेवढ्यात मनगटावरनं काहीतरी घसरलं आणि माझ्या बोटांवर खळकन वाजलं.

काचेच्या बांगड्या.

“शेठ, बाईमाणूस आहे!”

“वढ,” शेठ म्हणाले.

आम्ही तिला कसं बाहेर काढलं ते मला नीट सांगता यायचं नाय. मागनं इब्रापण आला होता म्हणतात. मला आठवतं ते एकदम ऊन, आणि तोंडावर बादलीभर पाणी.

द्वारकाबाय मयेकर. टोपली घेऊन जेट्टीवर मासे विकायची. ऊन लागलं, चक्कर यायला लागली, म्हणून साडेनवाच्या पुढं खाडीकडची झडप उचलून बोळात येऊन बसली होती. बर्फाचा भुगा डोक्यावर घेऊन. कुणाला सांगितलं नाय, कारण शेठ ओरडतील. ग्यास सुटला तेव्हा उठायला गेली ती पडली, तोंड ओल्या भुग्यात. मामा म्हणाले, पाणी अमोनिया पितं, म्हणून वाचली. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचली नसती. त्याच रात्री दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं तिनं? म्हणे, “तिथं चहा कुणाचा होता? मी प्यायले. रागवू नका.”

पण ते नंतर. त्या दुपारी शेठना जीपमध्ये घालून नेलं, आणि मी जेट्टीच्या कठड्याला टेकून बसलो. मामा माझ्या डोळ्यांवर पाण्याची धार धरून होते.

“मामा,” मी म्हटलं, “आता तरी सांगा.”

मामांनी तांब्या परत भरून घेतला.

“तेव्हा असाच जोड गेला होता,” ते म्हणाले. “सगळे असेच पळालो. असेच बघे जमले. शेठनी डोकी मोजली. आठ भरली. आम्ही तेव्हा आठच. शेठ म्हणाले, झाले सगळे, दार लावा, ग्यास गावात जाता कामा नये. दार मीच लावलं धाकू. ह्या हातांनी.”

“मग?”

“मोजलेल्यात एक डोकं लाँचीवरच्या खलाशाचं होतं. बघायला आलेलं. तीन तासांनी दार उघडलं तेव्हा समजलं.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “सोमानं आतनं दार वाजवलं असणार, मग बोळाकडं वळला असणार. मी जवळच उभा होतो. पण मला कानानं...” मग म्हणाले, “त्या दिवसापासनं शेठ डोकी मोजत नायत. नावं घेतात. आणि ज्याला तेव्हा हाक मारायची राहिली, त्याला रोज मारतात.”

मी डोळे उघडून बघितलं. पाण्यातनं मामा हलल्यासारखे दिसत होते.

“लोक म्हणतात तुम्ही इथनं का जात नाय,” मी म्हटलं.

“जाऊ कुठं? जिथं जाईन तिथं डोकी मोजणार.”

घरी गेलो. शेवंतीनं माझे डोळे बघितले, सदऱ्याचा वास घेतला आणि रडायला लागली. रडता रडताच निळा शर्ट ट्रंकेतनं काढला, घड्या मोडून खुंटीला लावला. “बघितलंत ना?” म्हणाली. “सोमवारी जायचं.”

“जातो,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी शेठच्या घरी गेलो. सांगून जायचं एवढंच ठरवून गेलो होतो. शेठ पलंगावर, डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, आवाज बसलेला. भाभींनी स्टूल दिलं आणि ताकीद दिली, त्यांना बोलवायचं नाय.

“शेठ, धाकू आहे.”

“पायांवरनं कळलं.”

“शेठ, मी उद्यापासनं येत नाय. कंपनीत लागलोय.”

“इब्रानं पंधरा दिवसांमागं सांगितलं.”

“मग तुम्ही काही बोलला का नाय?”

“तू सांगशील म्हणून वाट बघत होतो.” ते थांबले, दम घेतला. “चांगली जागा हाय ती. जा.”

मी उठायला लागलो. मग राहवलं नाय.

“शेठ, काल सकाळी मी ती मस्करी केली नसती तर...”

“खोटं बोलू नको.”

“काय?”

“तू ‘हजर’ म्हटलं नाहीस.”

खोली एकदम गार झाली म्हणा, किंवा मी झालो. कारण ते खरं होतं. मी म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. पण शब्द घशातनं निघायच्या आधीच तो बाहेर पडला होता. माझा आवाज नव्हता. माझ्या शेजारच्या कुणाचा नव्हता. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. इब्राच्या शिव्या खाल्ल्या, जेट्टीवर सगळ्यांसमोर ‘मीच तो’ म्हणून ओरडलो, पण हे सांगितलं नाय. शेवंतीलासुद्धा नाय.

“तुम्हाला कसं...”

“अकरा वर्षं ते नाव घेऊन मी तुमची तोंडं बघतोय,” शेठ म्हणाले. “कुणी मस्करी करील म्हणून नव्हे. बघायची सवय लागली. तुझं तोंड उघडं होतं. ओठ हलले नाय, जीभ हलली नाय. बाकी सातांची तोंडं मिटलेली. मग आवाज कुठनं आला?”

“कुठनं?”

“दाराच्या आतनं.”

“पण द्वारकाबाय तर...”

“ती साडेनवाला आली. तिनंच सांगितलं. सातला आत कुणी नव्हतं. कुलूप मीच काढलं.”

बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं.

“तुम्हाला भ्या वाटलं नाय?” मी विचारलं.

“वाटलं. रात्रभर वाटलं. पण सांगतो काय, माझ्या माणसानं ओ दिली. दिली ना? मग तो बाहेर आला की नाय, हे बघायला मलाच जायला पाहिजे होतं. मागल्या वेळी गेलो नव्हतो.”

खोकला आला. भाभी आतनं ओरडल्या, “बस करा म्हटलं ना!”

शेठनी हातानंच चाचपून उशाखालनं हजेरीबुक काढलं आणि पलंगाच्या कडेला ठेवलं. “जाता जाता एवढं मामाकडं दे. आठ दिवस मला दिसणार नाय, डॉक्टर म्हणतो. जोड बसवला की परवा कारखाना चालू होईल. नावं कुणीतरी घ्यायला पाहिजेत.”

“मामांना वाचता येत नाय शेठ.”

“इब्राला येतं.”

“तो उर्दू वाचतो.”

“मग पाठ करा म्हणावं. तुझं नाव काढलं तर आठच राहतात. सोमाला धरून.”

मी बुक उचललं. पुठ्ठा ओला होता, खाऱ्या पाण्यानं फुगलेला. मला चौथीपर्यंतचं येतं. वाचायला वेळ लागतो, पण येतं. मी उघडून बघितलं. शनिवारच्या रकान्यात नऊ खुणा, एकासारखी एक.

“आठ नाय शेठ,” मी म्हटलं. “नऊ.”

शेठच्या पट्टीखालनं पाणी आलं, ते अमोनियाचं असंल. मग म्हणाले, “बायकोला काय सांगशील?”

“ते अजून सुचलं नाय.”

“मग बस जरा. भाभी चहा टाकतेय.”

मी बसलो. चहा आला, तो प्यायलो, आणि तरी उठलो नाय.